मैदानाकडे पाठ

आमच्या कॉलेजात पहिला वर्ग मिळवणं सोपं होतं, जिमखान्यातून क्रिकेटची बॅट मिळवणं अवघड. परीक्षेत निदान प्रश्न तरी विचारतात. जिमखान्याच्या दारात चाचा काहीच विचारत नसत. पोरगा पडवीत येऊन चपला काढी, चाचा आधी त्या चपलांकडे बघत, मग पोराकडे, आणि आत जाऊन भलतंच काहीतरी घेऊन येत.

"चाचा, मी बॅट मागितली होती."

"व्हय, ऐकलं की."

"ही दोरी आहे. उड्या मारायची."

"मंग मार."

चाचा जिमखान्याचे शिपाई. अंगानं काटक, दाढी पांढरी, खाकी शर्टाच्या खिशात शिट्टी आणि बडीशेपेची पुडी. राहायला कार्ल्याला. गावात त्यांना भाऊ म्हणत, लोणावळ्याला आमच्या कॉलेजात मात्र प्राचार्यांपासून सगळ्यांचे ते चाचाच. नेट बांधणं, चुन्याच्या फक्कीनं मैदान आखणं, चेंडूत हवा भरणं ही त्यांची कामं. कुणी काय खेळायचं हे ठरवणं त्यांच्या कामात कुठेच बसत नव्हतं, पण ते त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की त्यांना तसं सांगायची कुणाची छाती नव्हती. क्रीडाशिक्षक सर तर त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. ते स्वतः बॅडमिंटनची रॅकेट न्यायला आले की पडवीत जपून चपला काढत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी तिथे मानसशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे कॉलेजला आपली गरज असते पण जून ते मार्चपुरतीच. तळेगावहून रोज जाऊन-येऊन पीएच.डी.चं काम करत होते. विषय मार्गदर्शक सरांनी दिलेला: विद्यार्थ्यांचं व्यक्तिमत्त्व आणि फावल्या वेळातल्या खेळांची निवड. खेळाशी माझा संबंध एकदा लंगडीत पडून गुडघा फोडून घेण्यापुरता, पण विषय निवडायला मला कुणी विचारलं नव्हतं. साठ प्रश्नांची प्रश्नावली मी तयार केली होती. 'मला अनोळखी लोकांत मिसळायला आवडतं: नेहमी, कधी कधी, कधीच नाही.' असे प्रश्न. त्यांच्यापुढे चौकोन. चौकोनात खूण करायची.

तर जिमखान्यात कुठल्या खेळाला किती मुलं येतात ते विचारायला मी पहिल्यांदा चाचांकडे गेले. पडवीत चपला काढल्या. त्यांनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, "म्याडम, तुमी काय हितं ऱ्हायच्या न्हाई."

"म्हणजे?"

"चपलांची तोंडं भायेरच्या वाटंकडं केलीत. आल्या आल्या जायाची तयारी."

मला राग आला. आला, कारण त्याच आठवड्यात मी पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज टाकला होता आणि तो घरच्यांखेरीज कुणाला माहीत नव्हता. मी शिष्टपणे म्हटलं, "असं एका गोष्टीवरून माणसाचं अनुमान काढता येत नाही, चाचा. त्याला शास्त्र असतं."

"असंल की," ते म्हणाले, "चा घेनार?"

त्यांचं स्वतःचं शास्त्र कार्ल्याच्या डोंगराखालचं. तरुणपणी, नोकरी लागायच्या आधी, ते देवीच्या गडाच्या पायऱ्यांपाशी, नारळ-हाराच्या एका दुकानासमोर दर्शनाला येणाऱ्यांच्या चपला सांभाळायला बसत. दुकान दुसऱ्याचं, चपला लोकांच्या, स्वतःचं म्हणून खाली अंथरलेलं एक गोणपाट. "वर देवी, खाली मी," ते हसून सांगायचे. "वर कुनी काय मागितलं ते तिला ठावं. कोन कसा हाय ते मला ठावं." तिथे बसून त्यांनी एक सिद्धान्त बांधला आणि जन्मभर तो सोडला नाही. माणूस बोलताना खोटं बोलेल, हसताना बोलेल, पाया पडताना तर बोलेलच बोलेल. चपला काढताना कोण खोटं बोलतो? तिथे त्याचं ध्यानच नसतं.

त्यांची वर्गवारी मी पुढे वहीत उतरवून घेतली होती. जोडीनं, भिंतीला लावून काढणारा कॅरमचा. एकीवर दुसरी चढलेली असेल तर खो-खो. दोन चपलांत हातभर अंतर असेल तर कबड्डी, आणि त्यातली एक उलटी पडली असेल तर चढाईवाला, त्याला पकडीला उभा करू नये. दुसऱ्याच्या चपला पायानं सारून आपली जागा करणाऱ्याला व्हॉलीबॉल देऊ नये, नेटपाशी भांडणं लावतो. काढून झाल्यावर एकदा मागे वळून बघणारा बॅडमिंटनचा, पण एकेरीचा. दुहेरीत जोडीदाराचा जीव खातो.

"आणि आपले प्राचार्य?" मी विचारलं.

"सायेब बुटाची लेस कवाच सोडत न्हाईत. टाचंनं टाच दाबून काढत्यात." चाचांनी बडीशेप तोंडात टाकली. "त्यास्नी खेळ नगो. झोप पायजे."

हे प्राचार्यांच्या कानावर गेलं. ते म्हणे एवढंच म्हणाले, "खरं आहे."

स्पर्धेतल्या खेळाडूंचं चाचांना कौतुक कमी. "बक्षिसाचा खेळ बापासाठी, मास्तरासाठी, पेपरात नाव यावं म्हनून बी खेळत्यात. चार वाजता तास संपला, घरी जायाची घाई न्हाई, कोन बघत न्हाई, तवा पोरगं काय खेळतंय ते बगा. त्ये त्याचं." माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तीस पानांचं होतं. त्यात यापेक्षा वेगळं मी काही लिहिलेलं नव्हतं.

कुरवंड्याचा एक धिप्पाड मुलगा होता. दंड असे की कबड्डीवाले त्याच्या मागे लागलेले. तो जिमखान्यात आला तेव्हा त्यानं चपला सगळ्यांपासून लांब, खांबाच्या आड नेऊन काढल्या. चाचांनी त्याच्या हातात बुद्धिबळाचा डबा ठेवला. कबड्डीवाले चिडले, पोरगाही चिडला, पण डबा परत करायला लागणारं बोलणं त्याला जमेना म्हणून तो बसला. कॉलेजात त्याच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द 'शह' होता, असं त्याचे मित्र सांगत. पुढे तो इतका बोलू लागला की ग्रंथालयातून त्याला दोनदा बाहेर काढलं.

"चाचा, तुम्ही कधी चुकला नाहीत?"

"अजून पातूर तरी न्हाई," ते म्हणाले. गर्वानं नव्हे, पाऊस पडला नाही म्हणावं तसं.

चाचांचा सगळ्यात विचित्र नेम सामन्यांच्या दिवशीचा. अख्खं मैदान तेच आखत, नेट तेच ताणत, आणि शिट्टी वाजली की मैदानाकडे पाठ करून बसत. गुलमोहराखाली एक दगड होता, त्याच्यावर. समोर खेळाडूंच्या चपला-बुटांचा पसारा. कबड्डी आमच्याकडे मातीवरच, अनवाणी खेळत, त्यामुळे चौदाही जणांची पादत्राणं तिथे असत. चाचा आधी ती एकेक करून वाचत, मग जोड्या लावत. मागे आरडाओरडा चाललेला, धूळ उडतेय, कुणी तरी पडलंय, आणि हे गृहस्थ चपला लावताहेत.

"बघत का नाही तुम्ही सामना?"

"बघितलं की मानूस गुनात अडकतो. कोन जिकलं, कोन हरलं. मला त्याचं काय करायचंय?"

कान मात्र मागे असत. चढाई करणाऱ्याचा दम ऐकून ते सांगत, हा आता धरला जाणार. आणि तो धरला जाई.

जोड्या लावायची खोड कॉलेजपुरती नव्हती. लग्नघरी जेवणाच्या पंगती उठेपर्यंत हे दारात वाकलेले. मयताच्या घरी तेच. शुक्रवारी नमाजाला गेले की मशिदीच्या पायरीवर आधी दोन रांगा लावून मग आत. जमातीतले लोक थट्टा करत की भाऊंची जागा जन्नतच्या आत नाही, दाराशी आहे. चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "मला बघाया आले तवा माज्या तोंडाकडं कुटं बघितलं यांनी? आदी माज्या बाच्या चपला बघितल्या. मंग म्हनले, मानसं चांगली हायेत." घरात तर शिस्तच होती. उंबऱ्याबाहेर फरशीची एक कड होती, तिला टाच लावून जोडीनं चपला काढायच्या. चाचींनी, दोन्ही मुलांनी, मुलीनं. चुकून वाकडी राहिली तर चाचा रागवत नसत, काही बोलतही नसत. जाऊन सरळ करत. समोरच्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

आता मुलीचं सांगायला हवं, कारण चाचांचं खरं सांगायचं ते तिथेच आहे.

मुलीचं नाव रेश्मा. आमच्याच कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी ती इतर मुलींबरोबर जिमखान्यात आली आणि वडिलांना म्हणाली, मला कबड्डी. चाचा म्हणाले, तुजा पिंड न्हाई तो, तू कॅरमची. पुण्याहून तिच्यासाठी वेगळा स्ट्रायकर आणला, हस्तिदंती रंगाचा, डबीत घालून दिला. रेश्मा कॅरम खेळू लागली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न होता: 'फावल्या वेळात आपण कोणता खेळ खेळता?' वर्गात भरून घेतलेल्या गठ्ठ्यात एका कागदावर उत्तर होतं, 'कॅरम (घरचा). कबड्डी (माझा).'

मी त्या कागदाशी तासभर झटापट केली. माझ्या तक्त्यात एकाला एकच रकाना होता. शेवटी वर्गात म्हटलं, ज्यानं कुणी दोन खेळ लिहिलेत त्यानं मला येऊन भेटावं. वर्गात कुणी हललं नाही. तास संपल्यावर जिन्यात एक बारीक अंगाची, ओढणी नीट पिन लावलेली मुलगी माझ्यामागे आली.

"मॅडम, तो कागद माझा आहे. फाडून टाकाल का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वलवणला धरणाकडच्या मोकळ्या जागेत सकाळी मुलींचा सराव असे. ही वर्षभर तिथे जात होती. घरी 'जादा तास' सांगून. सराव धावण्यानं सुरू होई, म्हणून कुरवंड्याच्या मैत्रिणीचे जुने कॅनव्हासचे बूट वापरायची आणि ते मैत्रिणीच्याच पिशवीत ठेवायची. क्रीडाशिक्षकांना माहीत होतं. मैत्रिणींना माहीत होतं. कॅन्टीनवाल्यालाही माहीत होतं. सगळ्या कॉलेजला माहीत होतं, एक चाचा सोडून. आता दुसऱ्या तालुक्यात आंतरमहाविद्यालयीन सामने होते. संघात तिचं नाव होतं, पण संमतिपत्रावर पालकांची सही हवी होती, शनिवारी दुपारपर्यंत.

"मग घे की सही. ते इतर मुलींना हौसेनं कबड्डी देतात."

"इतर मुलींच्या चपला वेगळ्या आहेत, मॅडम."

मी हसले. ती हसली नाही.

"अब्बा कधी चुकत नाहीत," ती म्हणाली. "ते सांगतात ती मुलगी मी असेन, तर मग मैदानावर असते ती कोण? मला कधी कधी वाटतं मी तिथे कुणाची तरी नक्कल करते. सहीचं मी मागेन हो. पण ते नाही म्हणाले, तर मला ते खरं वाटेल."

वीस वर्षांची मुलगी हे बोलली आणि माझ्या हातात साठ प्रश्नांचे गठ्ठे होते. मी कागद फाडला नाही, तिला धीरही दिला नाही. एवढंच म्हणाले की बघते.

शिक्षकखोलीत कुजबुज निराळीच होती. "घरचं वातावरण असतं ना त्यांच्यात," एकजण म्हणाल्या, आणि खांदे उडवले. मी त्यांना अडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. चाचा चांगले, पण शेवटी मुलगी म्हटलं की. हे वाक्य मी मनातही पुरं केलं नव्हतं, पण होतं.

बुधवारी मी जिमखान्यात जाऊन आडवळणानं विचारलं, "चाचा, माणूस घरात एक आणि बाहेर दुसराच, असं असू शकतं का?"

"असतं की. म्हनून तर चपला." ते चेंडूला हवा भरत होते. "जिभंचं घरचं-भायेरचं असतंय, म्याडम. पायाचं नसतंय."

झालं. पुढे बोलायचं धाडस मला झालं नाही. प्रश्नावलीच्या माथ्यावर छापलेलं होतं, 'आपली माहिती गुप्त ठेवली जाईल.' मी त्या ओळीमागे लपले. गुरुवारी रेश्मानं माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. तिनं संमतिपत्राची कोरी प्रत माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुमच्याकडेच राहू द्या. पिशवीत सापडलं तर."

शुक्रवारी कॉलेजात वर्गावर्गांचे सामने होते. मुलींची कबड्डी, दुसरं वर्ष विरुद्ध तिसरं वर्ष. चाचा सकाळीच मैदान आखून दुपारी नमाजाला गेले होते. ते परत येईपर्यंत सामना सुरू झाला असेल, या हिशेबावर रेश्मा उतरली होती. सामना संपला की ती मागच्या मागे निघून जाणार होती, नाही तरी चाचा मैदानाकडे बघत नाहीत.

चाचा आले ते थेट गुलमोहराखाली जाऊन पाठ करून बसले. मी शेजारी उभी. जशी काही पुढच्या चढाईला मीच चालले होते.

त्यांनी चपला वाचायला घेतल्या. ही पकडीची. ही राखीवच बरी. ही कुणाच्या सांगण्यावरनं आली, मन दुसरीकडं हाय. वाचून झाली की जोडी लावत. मग त्यांचा हात थांबला. एक कॅनव्हासचा बूट फक्कीच्या बादलीपाशी उलटा पडला होता. दुसरा तिथून चांगला तीन-चार हात लांब, पालापाचोळ्यात.

"ह्ये बगा, म्याडम," चाचा म्हणाले. त्यांनी उलटा बूट उचलून मांडीवर घेतला. त्यांचा चेहरा उजळला होता. "लय दिसांनी असं बघितलं. बूट दुसऱ्याचे हायेत, आतून कापूस घातलाय, मोठे व्हत असनार. पन काढलेत बगा आपल्या मनानं. घाई न्हाई. आवड हाय. मैदान दिसलं आन् पाय ऱ्हायलाच न्हाई. ही कोन पोरगी हाय?"

मी म्हटलं, "सात नंबर."

"सराला सांगा, हिला शिकवू नगा जास्ती. बिघडंल."

मागे सात नंबरची चढाई सुरू झाली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. चाचांनी कान दिला, बूट हातात तसाच.

"दम ऐका. सरळ हाय. हिंदकळत न्हाई." ते खूश होऊन मान हलवत होते. "मदी कुटं चोरून श्वास न्हाई. असा दम मी फकस्त…"

आणि ते थांबले.

दम चालूच होता. कुणी तरी ओरडलं, पकड, पकड. चाचांची मान हलायची थांबली होती. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला कळलं की त्यांना कळलं आहे. त्यांचा अंगठा बुटाच्या टाचेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता.

"गडाच्या पायऱ्या मोजायची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "लहान व्हती तवा. माजं बोट धरून, एका दमात. मदी श्वास घेतला तर पुन्ना पयलीपासनं. मी म्हनायचो, अगं दमशील. म्हनायची, न्हाई दमत."

मग आमच्या कॉलेजात कुणी कधी पाहिलं नव्हतं ते घडलं. चाचा दगडावर बसल्या बसल्या वळले. मैदानाकडे तोंड करून बसले. कडेची दोन पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. पंच असलेले क्रीडाशिक्षक शिट्टी तोंडात धरून बघतच राहिले.

रेश्मानं त्यानंतर दोन चढाया केल्या. पहिलीत दोघींना मारून आली. दुसरीत मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर धरली गेली, चौघी तिच्या अंगावर, हात रेषेकडे ताणलेला. दुसरं वर्ष हरलं. ती उठली, कपाळावरची माती पुसली, वळली, आणि वडील आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसलं.

ती पळाली नाही. सरळ चालत आली. पालापाचोळ्यातला एक बूट पायात घातला. दुसरा बापाच्या हातात होता.

चाचांनी आधी मला विचारलं. "तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"समद्यांला?"

"हो."

"मंग मला का न्हाई सांगितलं कुनी?"

"वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

"कशापायी न्हाई म्हनंन? मुसलमानाच्या घरचं म्हनून?"

आयुष्यात फार थोड्या वेळा मला इतकी लाज वाटली आहे. चाचा रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तिच्या चपलांपायी न्हाई म्हनत व्हतो मी," ते म्हणाले. "दारात बघितल्या की जोडीनं. टाचंला टाच. एक दिस वाकड्या न्हाईत. मी म्हनायचो, किती सोभावानं गुनी पोर." त्यांनी हातातला बूट उलटा करून पाहिला. "आन् त्या लावायला लावल्या कुनी? मीच. मीच लावायला लावल्या आन् मीच वाचत बसलो."

रेश्मा रडायला लागली. मैदानावर चौघींनी दाबलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

"अब्बा, मी तुम्हाला खोटं…"

"तू कुटं खोटं बोललीस? बूट काय म्हनतोय बग की." त्यांनी तो तिच्या पायापाशी ठेवला. "घाल."

मी पर्समधून संमतिपत्र काढलं. त्यांनी ते मांडीवर ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचत सही केली. सही करताना कागदाला बुटावरच्या फक्कीची पांढरी बोटं लागली. ती तशीच गेली पुढे.

त्या शनिवार-रविवारी मी माझे गठ्ठे पुन्हा काढून बसले. सगळे वर्गात, बाकावर, मी समोर उभी असताना भरून घेतलेले. 'मला नियम पाळायला आवडतात: नेहमी.' 'मला रांगेत थांबायला त्रास होत नाही: नेहमी.' किती गुणी मुलं. माझीही सगळी उत्तरं टाचेला टाच लावून ठेवलेली होती. मार्गदर्शक सरांना फोन करून मी सांगितलं की मला आणखी एक वर्ष लागेल. ते ओरडले. पुढची माहिती मी चार वाजल्यानंतर गोळा केली, मैदानाच्या कडेला बसून, बरीचशी न विचारता. प्रबंध उशिरा झाला आणि बऱ्यापैकी झाला. ऋणनिर्देशात चाचांचं नाव घातलं होतं. सरांनी ते 'क्रीडा विभागातील कर्मचारी' असं करायला लावलं, आणि मी केलं. हे मला अजून टोचतं.

पुण्यात नोकरी लागून मी लोणावळा सोडलं. चपलांची तोंडं बाहेरच्या वाटेकडे होती ती खोटी नव्हती. चाचा पुढे निवृत्त झाले. आता जिमखान्यात जो मागेल त्याला जे मागेल ते देतात, असं ऐकते.

निघण्यापूर्वी एका रविवारी मी कार्ल्याला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. रेश्माचा संघ तोवर दोन सामने जिंकून तिसरा हरून आला होता. चाचा दाराबाहेर उभे होते. मी मुद्दाम, जरा विचार करून, चपलांची तोंडं घराच्या दिशेनं केली.

"म्याडम," चाचा म्हणाले, "ह्या तुमी माज्यासाठी काढल्यात. तुमच्या तुमी काढा."

आतून तांदळाच्या भाकरीचा आणि रश्श्याचा वास येत होता. चाची म्हणत होत्या की पोरीची वाट बघायची की वाढायला घ्यायचं. तेवढ्यात गल्लीतून धावत पावलं आली. रेश्मा घामेजलेली, केस विस्कटलेले, "मॅडम आल्या?" म्हणत आमच्या मधून आत घुसली. एक चप्पल उंबऱ्याला आपटून उलटी पडली. दुसरी पार कण्हेरीच्या झाडापाशी.

चाचांचा हात सवयीनं खाली गेला. बोटं चपलेच्या पट्ट्याला लागली. मग त्यांनी हात मागे घेतला, पाय उंच उचलून ती चप्पल ओलांडली आणि आत तोंड करून म्हणाले,

"वाढ गं. पोरगी आली."